चिंचेखालची दोन मिनिटं

किसनदादा,

तुम्ही गेलात त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे फर्स्ट शिफ्टची बस चिखलीतून वेळेवर निघाली. हे आधी सांगते, कारण तुम्ही असतात तर पहिला प्रश्न हाच विचारला असतात.

गुरुवारी दुपारी जेवून तुम्ही आडवे झालात आणि उठला नाहीत. गुरुवार हा दिवसही तुमच्या स्वभावाला धरूनच. कारखान्यांना सुट्टी त्या दिवशी असते. या पट्ट्यातला रविवार गुरुवारी येतो. फेरी न चुकवता जायला आठवड्यात तेवढा एकच दिवस होता. काकूंनी फोनवर इतकंच सांगितलं, "चार वाजले तरी ह्यांनी चहा मागितला न्हाई, म्हनून बघाया गेले." मी ते वाक्य नेहमीच्या सवयीनं कागदावर उतरवून घेतलं. मग लक्षात आलं की ही बातमी नाही.

आपल्यात एक काम राहिलं आहे. तुम्ही माझ्याकडे एक दुरुस्ती मागितली होती. वर्तमानपत्रात आतल्या पानावर, खालच्या कोपऱ्यात छापतात तशी. दोन वर्षं मागत होतात. मी दिली नाही. आज द्यायला बसले आहे.

आधी चूक काय होती ते.

आमच्या पुरवणीसाठी मी एक लेख लिहीत होते. विषय असा: पिंपरी-चिंचवड एवढं वाढलं, चाकणपर्यंत पसरलं, पण या शहराला स्वतःचं असं काही आहे का? संपादकांनी शीर्षक आधीच ठरवलं होतं, 'निजायला आलेलं शहर'. कामाला येतात, झोपतात, पुन्हा कामाला जातात. गाव विचारलं तर दुसऱ्याच जिल्ह्याचं नाव सांगतात. त्या शीर्षकाखाली बसेल असा मजकूर मला आणायचा होता. कोणीतरी सांगितलं, एकदा कंपनीच्या बसमधून जाऊन बघा. म्हणून थंडीतल्या एका पहाटे मी पुनावळ्याहून निघून तुमच्या बसमध्ये चढले.

ती पहाट अजून माझ्यात तशीच आहे, अर्धी जागेपणी, अर्धी झोपेत. इंद्रायणीवरून धुकं वर आलं होतं आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या इमारती कमरेपासून वर नव्हत्या. बसमध्ये दिवे बंद. गळ्याभोवती मफलर, मांडीवर डबे, प्रत्येक मान एका बाजूला कललेली. तुम्ही थांब्यांची नावं हळू आवाजात पुकारत होतात, झोपलेल्याला धक्का लागू नये पण उतरणाऱ्या-चढणाऱ्याला कळावं, अशा बेताच्या आवाजात. विहीर. वजनकाटा. लिंबाचा पार. मी प्रत्येक नावाला बाहेर पाहत होते. विहिरीच्या जागी मोबाइलचं दुकान होतं. वजनकाट्याच्या जागी मंगल कार्यालय. पाराच्या जागी काहीच नव्हतं, धुकं होतं. जणू ही बस एका गावातून जात होती आणि खिडकी दुसऱ्याच गावातून.

तुमच्या बसमध्ये माणसांनाही नावं नव्हती, जिल्हे आणि तालुके होते. "ए लातूर, पाय आत घे." "चिपळूण, काच लाव की जरा." लातूर म्हणजे प्रेस शॉपमधला तो बडबड्या, चिपळूण म्हणजे निवृत्तीला आलेले फिटर. मी लातूरला विचारलं, गाव सोडून किती वर्षं झाली.

"लई झाली ओ. आता गावाकडं गेलं तर तिथली माणसं म्हणतेत, पुणेवाला आला. हितं आलं की हे म्हणतेत लातूर. मधल्या एसटीत तेवढा मी माझ्या नावानं असतो बघा."

बसमध्ये एक खिडकीची जागा रिकामी होती आणि तिच्याशेजारी एक माणूस दांडा धरून उभा होता. मी त्याला बसा म्हटलं. तो नुसता हसला. चिपळूणनी मला खुणेनं जवळ बोलावलं. "ती कांबळ्यांची जागा. गेले हो ते गेल्या सोमवारी. दहावा होईस्तोवर त्या जागेवर कोणी बसत नाय."

"हे कोणी ठरवलं?"

"कोणी ठरवायला कशाला पायजे?"

हे मी टिपून घेतलं होतं. लेखात घेतलं नाही. विषयात बसत नव्हतं.

लेख छापून आला आणि चौथ्या दिवशी कार्यालयात तुमचा फोन आला. "मी किसन, बस चालवतो. तुमच्या पेपरात माज्याबद्दल खोटं छापलंय."

ते वाक्य मला पाठ आहे, कारण माझंच आहे. 'चिंच नावाच्या थांब्यावर चिंच नाही. बस तिथे रोज दोन मिनिटं उभी राहते. का, हे चालकालाही सांगता येत नाही.'

"सांगता येत न्हाई?" तुम्ही म्हणालात. "मला इचारलं का तुमी?"

मी जे उत्तर दिलं ते आमच्या धंद्यातलं तयार उत्तर आहे. तथ्याची चूक असेल तर आम्ही दुरुस्ती छापतो, पण हे निरीक्षण आहे, हे लेखकाचं मत आहे.

"तुमचं मत आसंल. माज्या तोंडात कशाला घातलं?"

फोन ठेवताना तुम्ही म्हणालात, गुरुवारी चहाला या, मग सांगतो का थांबतो ते. मी आले. वाद घालायला आले होते, पण काकूंनी बाजरीची भाकरी पुढे केली आणि तो वाद दोन वर्षं पुरला.

त्या पहिल्या गुरुवारी तुम्ही मला चालत चिंचेपाशी घेऊन गेलात. चिंच नव्हतीच. बावीस मजली सोसायटीचं फाटक होतं, आणि त्यावर परदेशातल्या कुठल्याशा बागेचं नाव. पहारेकऱ्यानं तुम्हाला पाहून खुर्ची सरकवली. जमीन एके काळी तुमचीच होती. तुम्ही त्याबद्दल चकार शब्द बोलला नाहीत. मुलांनी व्यवहार केला, मुलं प्लॉटिंगच्या धंद्यात आहेत, तुम्हाला बस चालवायची गरज नव्हती, हे सगळं मला काकूंकडून कळलं. तुम्ही फक्त पायानं डांबरावर एक गोल काढलात.

"हितं बुंधा. दोन मान्सांच्या कवेत मावायचा न्हाई. तीन वस्त्यांच्या कांद्याच्या गाड्या हितं गोळा व्हायच्या, चाकनच्या बाजाराला जायला. पुढं नदी. पूल कुठला तवा. एकट्यानं नदीत गाडी घालायची न्हाई, आसा दंडक. म्हनून पयला आला की थांबायचा. जू ढिलं करायचं, तंबाखू मळायची. तंबाखू मळून व्हईस्तवर मागचा येतोच. आला की चला."

"आणि नाही आला तर?"

"मग त्यो येनार न्हाई. पन तंबाखू मळून व्हईस्तवर थांबायचं."

मी म्हटलं, दादा, आता पूल आहे. चारपदरी आहे. तुम्ही कशासाठी थांबता?

तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत, जसं गावाकडची माणसं पत्ता विचारणाऱ्याकडे पाहतात. "मान्सं तर हायेत ना मागची."

दोन मिनिटांमुळे कोणाला लेटमार्क लागू नये म्हणून तुम्ही पहिल्या थांब्यावरून दोन मिनिटं लवकर निघत होतात. हे मला फार उशिरा, वेळापत्रक ताडून पाहताना कळलं. तेही तुम्ही सांगितलं नव्हतं. ती दोन मिनिटं तुम्ही स्वतःच्या झोपेतून काढली होती.

त्यानंतर आपला वाद ठरीव जागेवर येऊन थांबायचा. मी म्हणायची, ही तुमच्या गावाची सवय आहे, शहराची संस्कृती नव्हे. शहराची संस्कृती म्हणजे नाट्यगृह, ग्रंथालय, जुने चौक, बोलण्याची एक ढब. इथं प्रत्येकाची ढब वेगळी आहे. तुम्ही तंबाखू मळत ऐकायचात. एकदा लातूरही होता चहाला. तुम्ही त्याच्याकडे बोट दाखवून म्हणालात, "गाव कशावरनं वळखायचं ताई? कोन कुनासाठी थांबतं, त्यावरनं."

लातूर लगेच म्हणाला, "दादा, आमच्या हजेरीच्या पंचिंग मशीनला सांगा की हे. ते तर बापासाठी थांबत नाही."

काकू आतून हसल्या. तुम्हीही हसलात. मग मी शेवटचा खिळा ठोकला, मला तो तेव्हा शेवटचा वाटला. म्हटलं, "दादा, तुम्ही आहात म्हणून ती दोन मिनिटं आहेत. तुम्ही गाडी सोडलीत की दुसऱ्या दिवशी जातील. जी गोष्ट एका माणसाबरोबर जाते तिला शहराची म्हणता येत नाही."

तुम्ही तंबाखू तोंडात टाकलीत. "मग बघा," म्हणालात.

आणि घराच्या फाटकाशी पोचवायला आलात तेव्हा नेहमीचं. "दुरुस्ती कधी छापताय?"

"छापू की दादा."

"घाई न्हाई. पन छापा."

आता ते, जे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही.

त्या पहाटे चिंचेच्या थांब्यावर मी झोपले होते. लिंबाच्या पारानंतर केव्हातरी डोळा लागला, तो मोशीचा पूल उतरल्यावर उघडला. थांबा मी पाहिलाच नाही. चिंच नाही हे मला लातूरनं सांगितलं, बस दोन मिनिटं थांबते हेही त्यानंच. चालकालाही सांगता येत नाही, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. ते मी कार्यालयात बसून लिहिलं, कारण परिच्छेद तिथं संपायला हवा होता आणि शीर्षकाला ते शोभत होतं. निरीक्षण नव्हतं, मतही नव्हतं. बनवलेलं वाक्य होतं. वीस वर्षांत असं दुसरं वाक्य मी लिहिलेलं नाही, असं स्वतःला सांगत आले. आता तेही तपासून पाहावं लागेल.

दुरुस्ती छापायची तर ती का, हे संपादकांना सांगावं लागलं असतं. म्हणून मी छापली नाही. तुमच्या घरी दर दोन-तीन गुरुवारी भाकरी खात राहिले, आणि तुम्ही विचारत राहिलात, आणि मला वाटत राहिलं की तुम्हाला माहीत नाही.

तुम्हाला नेल्यानंतर तिसऱ्या दिवशी मी काकूंना भेटायला गेले. घरात भावकीची गर्दी होती. काकू माझा हात धरून मागच्या ओसरीला आल्या. इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग त्या सहज म्हणाल्या, "तुमच्यावर लई जीव व्हता त्यांचा. म्हनायचे, ताई पयल्या दिशी आल्या त्या चिंचेच्या आदीच झोपल्या. म्या म्हनलं, मग उठवायचं की. तर म्हनले, कशाला, लांबनं आल्यात."

मी विचारलं, "त्यांना कसं कळलं?"

"आवो, आरसा आस्तोय ना डायवरच्या डोक्यावर. समदी गाडी दिसती त्यात."

दादा, म्हणजे फोन केलात त्या दिवशीही तुम्हाला माहीत होतं. मी थांबाच पाहिला नव्हता हे तुम्हाला ठाऊक होतं, आणि दोन वर्षांत एका शब्दानं तुम्ही ते काढलं नाहीत. एका वाक्यात माझा वाद संपवता आला असता. तुम्ही फक्त विचारत राहिलात, दुरुस्ती कधी. घाई न्हाई, पन छापा. मी त्याला थट्टा समजत होते.

सोमवारी पहाटे मी पुन्हा बसमध्ये चढले. या वेळी झोप येऊ नये म्हणून उभी राहिले.

नवा चालक परभणीचा आहे. तिशीतला, फोन समोर अडकवून नकाशावर चालवणारा. त्याचं नाव पहिल्याच दिवशी गेलं आणि परभणी लागलं. धुकं तेच होतं. दिवे बंद. माना कललेल्या. फोनमधली बाई सोसायट्यांची नावं घेत होती आणि तिच्या मागोमाग, झोपेतूनच, मागच्या बाकांवरून कोणीतरी पुटपुटत होतं. विहीर. वजनकाटा. ही नावं पुकारणारे ना चिखलीचे, ना त्यांनी ती विहीर पाहिलेली. मी कोण बोलतंय ते पाहण्याचा प्रयत्न केला. प्रत्येक वेळी आवाज वेगळ्या बाकावरून येत होता.

शुक्रवारी काय झालं ते मला लातूरनं सांगितलं.

"ह्यानं चिंचेवर चार माणसं घेतली अन् गिअर टाकला. आमी म्हणलं, थांब. म्हणला, कुनाची वाट बघायलाव? आमी म्हणलं, कुनाची नाही. म्हणला, मग? म्हणलं, मग काय. थांबायचं."

"आणि तो थांबला?"

"दादाचं सांगितलं त्याला. थांबला. म्हणला, आधी सांगितलं असतं तर दोन मिनिटं लवकर निघालो असतो. दुसऱ्या दिवसापासून निघालाय."

एक अडचण मात्र उरली होती, आणि ती चिपळूणनी मला समजावली. या बसचा रिवाज असा की गेलेल्याची जागा दहाव्यापर्यंत रिकामी ठेवायची. पण चालकाची जागा रिकामी ठेवली तर गाडी हाकणार कोण? "शुक्रवारी दिवसभर डोक्यात तेच हो. कॅन्टीनमध्ये चर्चा झाली. कोणी म्हणालं, मागची सीट ठेवू. पण ती त्यांची जागा नव्हती ना. उगाच खोटं कशाला?" उगाच खोटं कशाला, हे ते साधेपणानं म्हणाले. मी खिडकीबाहेर पाहिलं.

तोडगा परभणीनंच काढला, ज्यानं तुम्हाला कधी पाहिलं नव्हतं.

चिंच आली. खरं तर फाटक आलं, पिवळा दिवा, खुर्चीत पहारेकरी. "चिंच," मागून कोणीतरी म्हणालं. चारजण चढले. परभणीनं हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं, दार उघडलं आणि खाली उतरला. रस्त्यावर जाऊन हात मागे बांधून उभा राहिला. तुमची जागा रिकामी झाली. बस शांत झाली, इतकी की धुक्यातून फाटकावरचं पाणी टपटपताना ऐकू येत होतं. कोणी डोकं झुकवलं नाही, कोणी हात जोडले नाहीत. निम्मे झोपेतच होते. मी आरशात पाहिलं. सगळी गाडी दिसते त्यात.

परभणी तंबाखू खात नाही. म्हणून मळण्याचं काम लातूरकडे आलं आहे. पहिल्या बाकावर बसून, डाव्या तळहातावर, अजिबात घाई न करता, तो मळत होता. बडबड्या माणूस, पण तेवढा वेळ गप्प होता. मी घड्याळ पाहिलं नाही.

तेवढ्यात सोसायटीच्या बाजूच्या गल्लीतून एक मुलगी पळत आली. कारखान्याचा निळा कोट, पाठीवर सॅक, केस अजून ओले. नवी ट्रेनी असावी. रस्त्यावर उभ्या परभणीच्या बाजूनं ती धापा टाकत चढली. "थँक्यू काका, मला वाटलं गेली बस," म्हणाली आणि मागे जाऊन बसली. बस का उभी होती हे तिनं विचारलं नाही. तिला वाटलं असणार, आपल्यासाठीच.

तिचं बरोबरच होतं.

लातूरनं तळहातावर थाप मारली. "चला." परभणी चढला. गाडी पुलाकडे निघाली, आणि नदीवर धुकं इतकं दाट होतं की क्षणभर मला पूल दिसला नाही, नुसतं पाणी असावं असं वाटलं, आणि पुढेमागे गाड्या.

तुमचा दहावा अजून व्हायचा आहे. त्यानंतर परभणी चिंचेवर खाली उतरणार नाही; चिपळूण म्हणाले, मग ती जागा त्याची. थांबायचं मात्र आहे. ते कोणी ठरवलं, असं मी या वेळी विचारलं नाही.

काल संपादकांना भेटले. झोपेचंही सांगितलं. ते म्हणाले, दोन वर्षांनी दुरुस्ती कोण छापतं? मी म्हटलं, मागचा येईपर्यंत थांबायचं असतं. त्यांना ते कळलं नाही, पण पाचव्या पानावर खाली जागा दिली. चौकट लहान आहे. मजकूर असा:

'दुरुस्ती. चिखली ते चाकण कंपनी बसवरील लेखात, चिंच या थांब्यावर बस दोन मिनिटं का थांबते हे चालकाला सांगता येत नाही, असं म्हटलं होतं. चालकाला विचारलं गेलं नव्हतं. थांब्याच्या वेळी लेखिका झोपेत होती. बस मागून येणाऱ्यासाठी थांबते. हे चालकाला माहीत होतं, आणि आता बसमधल्या सगळ्यांना माहीत आहे.'